तट्टीपलीकडची चौथी

जळत होतो मी. सरळच सांगतो, आडवळणं कशाला घ्यायची? तालुक्यात नाव असलेला चौथीचा मास्तर, घरी बायको, एकुलती एक पोरगी, दारात दुभती म्हैस, सगळं यथास्थित. आणि मी नव्यानं नोकरीला लागलेल्या एका बाईवर जळत होतो. जेवताना, दाढी करताना, सायकल पुसताना डोक्यात तीच बाई. बायको म्हणायची, "आवं, लगीन ठरल्यावर माजा तरी येवढा इचार केला हुता का?" तिला हसू येत होतं. मला येत नव्हतं.

गाव तासगावच्या पुढं, एसटीच्या वाटेवर. सत्तर सालानंतरचा काळ. द्राक्षाच्या बागा नुकत्या कुठं कुठं उभ्या राहत होत्या, बाकी सगळी ज्वारी. शाळा म्हणजे एक लांबलचक कौलारू खोली, आणि तिच्यात तट्ट्या उभ्या करून पाडलेले वर्ग. तट्टी बांबूच्या कामट्यांची. तिच्यातून धड दिसत नाही, पण पलीकडचं कुजबुजलेलंसुद्धा ऐकू येतं. या तट्टीनं मला जेवढा त्रास दिला तेवढा कुठल्या माणसानं दिला नाही.

माझा वर्ग म्हणजे पाठांतर. लपवाछपवी नाही. कविता पाठ, नद्या पाठ, व्याख्या पाठ, निबंधसुद्धा पाठ. पावकी, निमकी, सवायकी, दीडकी, आणि सगळ्यात अवघड ती औटकी. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. आजूबाजूच्या गावांत पाचवी-सहावीच्या पोरांची बोबडी वळायची तिथं, आणि माझ्या वर्गात अगदी मागच्या बस्करावर बसणारं, नाक पुसत असलेलं पोरगंही ती घडाघडा म्हणायचं. संध्याकाळी शाळा सुटायच्या आधी आमची औटकी सुरू झाली की देवळापुढची म्हातारी माणसं काठ्या गोळा करून उठायची, "चला, मास्तरची औटकी लागली, घरी जावा." आज लोक घोकंपट्टी म्हणून नाकं मुरडतात. मुरडा बापडे. आधी घोकून तरी बघा, मग बोला.

आणि त्या सगळ्यात पहिली माझी पोरगी. शाळेत तर माझ्यापुढं बसायचीच, पण दिवेलागणीला घरीही माझ्यापुढं मांडी घालून परवचा म्हणायची. मी नुसती भुवई उचलली तरी तिला कळायचं कुठला पाढा ते. माझीच चाल, माझेच हेल. "सात औट?" "साडेचोवीस!" तिच्या आईला त्या वेळी आमच्या दोघांत जागा नसायची, आणि खरं सांगतो, मला ते फार आवडायचं.

मग बाई आल्या.

कोयनानगरच्या. वडील धरणाच्या प्रकल्पावर नोकरीला होते, त्या तिथल्या वसाहतीत वाढलेल्या. बोलणं स्वच्छ, वेणी घट्ट, पायांत चपला. पोरांची संख्या वाढली म्हणून चौथीची दुसरी तुकडी काढली होती, ती त्यांच्याकडं. मला काही वाटलं नाही. वाटलं ते पुढच्या आठवड्यात. कुणा पालकानं हेडमास्तरांकडं तक्रार केली, की मास्तर स्वतःच्या पोरीला पुढं बसवतो, तिलाच पहिला नंबर देतो. हेडमास्तर भिडस्त माणूस. त्यांनी मला बाजूला घेतलं नि म्हणाले, "मास्तर, आपुन ती कटकटच नगं. पोरगी 'ब' तुकडीत घालू. तट्टीपलीकडं तर हाय."

तट्टीपलीकडं. दोन हातांवर. पण सांगलीला शिकायला पाठवली असती तर एवढी लांब गेली नसती.

पोरगी गेली त्याच आठवड्यात बाईंच्या वर्गात काय चाललं असेल, तर भूकंप. आमच्या पुस्तकात भूकंपाची दोन ओळींची व्याख्या होती, ती मी एका दुपारी पाठ करून घेऊन विषय संपवला होता. बाई आठवडाभर कोयनेचा, स्वतः अनुभवलेला भूकंपच चालवत होत्या. मांडणीवरची भांडी कशी खाली आली, कुत्री आधीच का भुंकत होती, माणसं घाटाच्या रस्त्यावर का बसून राहिली. आणि मधेच पोरांना विचारायच्या, "तुम्हाला काय वाटतं? असं का झालं असेल?" आता पोरांना काय वाटायचंय? चौथीतल्या पोराला काही वाटायचं असतं का? पण ती कार्टी बोलायला लागायची. एक म्हणे जमिनीच्या पोटात वारं धरलं असंल. दुसरं म्हणे धरणाचं पाणी जड झालं असंल. चूक की बरोबर ते बाई लगेच सांगायच्याच नाहीत! "बघू या हं," म्हणायच्या. आणि त्या कालव्यात मला एक आवाज बरोबर ओळखू यायचा, माझ्या पोरीचा. माझ्या वर्गात ती कधी मधेच बोलली नव्हती.

मग मी आमचे पाढे जरा मोठ्यानं घ्यायला लागलो. अगदी मुद्दाम. पलीकडून हसू आलं की इकडून दीडकी. पलीकडं प्रश्न विचारला की इकडं सवायकी. माझ्या पोरांचे घसे बसले, एकाच्या आईनं मला रस्त्यात गाठून विचारलं, "मास्तर, आमच्या पोराला काय तमाशात घालायचा इचार हाय का?" बाई मात्र एकदाही तट्टीवरून डोकावून म्हणाल्या नाहीत की गुरुजी, जरा हळू. उलट रस्त्यात दिसल्या की नमस्कार. त्या नमस्कारानं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणि घरी? घरी दिवेलागणीला पोरगी पुढं बसायची, पण आता पाढे म्हणता म्हणता थांबायची. एका संध्याकाळी मी तिला वजाबाकी घातली. बेचाळीसातून सतरा. तिनं माझ्या पद्धतीनं म्हणायला सुरुवात केली. "दोनातून सात जात न्हाईत. बारातून सात गेले, राहिले पाच. हातचा एक. खालच्या एकात मिळवला, दोन. चारातून दोन गेले, राहिले दोन. पंचवीस." मी मान डोलावली. पोरगी पाटीकडंच बघत होती.

"आबा, त्यो हातचा कुठनं आला?"

"हातावर आला."

"पर दिला कुणी? आनि वरच्या दोनाचं बारा केलं, ते धा कुनाचं घेतलं? घेतलं वर, आनि एक मिळवला खाली. असं का?"

मी म्हटलं, "तसंच असतं."

ती उठली, चुलीजवळच्या काटक्या घेऊन आली. धा-धाच्या जुड्या बांधल्या. चार जुड्या आणि दोन काड्या. एक जुडी सोडली, काड्या मोकळ्या केल्या, त्यातल्या सात बाजूला सारल्या, मग एक जुडी बाजूला सारली. "बाईंच्यात असं करत्यात. हे दिसतंय. तुमचा हातचा दिसत न्हाई."

"उत्तर काय आलं?"

"पंचवीसच."

"मग माझं चुकलं का?"

"चुकलं न्हाई. त्येच तर मला कळंना झालंय. तुमचं बरोबर कसं काय येतंय?"

मला माझ्या गुरुजींनी तसं शिकवलं होतं, त्यांना त्यांच्या. साताऱ्याला ट्रेनिंगला होतो तिथंही कुणी विचारलं नव्हतं. पण ठाऊक नव्हतं याचं मला काही नाही. मास्तरला सगळं ठाऊक असलंच पाहिजे असा कायदा नाही. मला लागलं ते 'बाईंच्यात'. कशी म्हणाली, 'बाईंच्यात'! मामाच्यात, आत्तीच्यात म्हणावं तसं. आपलं हक्काचं दुसरं घर असावं तसं. मी काटक्या उचलून चुलीत घातल्या. बायको म्हणाली, "आवं, भाकरी झाल्यात, आता जाळ कशाला?"

दिवाळीनंतर डिपोटीसाहेब यायचं ठरलं. शाळा तपासायला सांगलीहून येणारा साहेब. कागदावर त्याचं पद काहीही बदललेलं असो, आमच्या गावात तो डिपोटीच. हे साहेब जुन्या वळणाचे, पाढ्यांचे भोक्ते. औटकी ऐकली की डोळे मिटून घ्यायचे. माझ्या वर्गावर त्यांचा भारी जीव होता, आणि दर वेळी जेवायला माझ्याच घरी असायचे, कारण माझ्या बायकोची पुरणपोळी.

हेडमास्तरांनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं, की बाई अजून कायम झालेल्या नाहीत, शेरा वाईट पडला तर त्यांना इथून हलवतील, कवठे महांकाळच्या पलीकडं कुठंतरी, जिथं एसटीसुद्धा जायला कुरकुरते. आणि दुसरी बाई काही लगेच मिळायची नाही. तोपर्यंत दोन्ही तुकड्या एकत्र, माझ्याकडं.

माझ्या कानात एवढंच राहिलं. माझ्याकडं. पोरगी परत तट्टीच्या अलीकडं, माझ्यापुढच्या बस्करावर. त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं. बाईंचं वाईट व्हावं असं मी म्हणत नव्हतो; त्यांनी दुसरीकडं जाऊन खुशाल भूकंप करावेत. माझी पोरगी तेवढी मला द्यावी.

तपासणीची आमच्याकडं एक रीत होती. साहेबानं प्रश्न विचारला की वर्गानं झाडून हात वर करायचे. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. साहेबाला सगळ्या वर्गाचे हात दिसतात, आणि मास्तर बरोबर उजवा हात बघून पोराला उठवतो. याला कुणी लबाडी म्हणत नव्हतं. पाहुणे यायच्या आधी अंगण सारवतो, त्यातलंच ते. हेडमास्तरांनी बाईंना समजावलं, "बाई, येवढं तरी बसवून घ्या. आनि जरा औटकी." बाई हसल्या. म्हणाल्या, "सर, ज्याला येत नाही त्यानं हात वर केला तर मला कळणार कसं, कुणाला शिकवायचं ते? आणि औटकी आता लागते कुठं? नवी नाणी आली, किलो आले. अर्ध्याचं त्यांना कळलंय, साडेतीनाचं ती मांडून काढतील."

मी तिथंच बसलो होतो. माझी औटकी, गाव जिच्यावर घड्याळ लावतं ती औटकी, 'लागते कुठं'! मी मनात म्हटलं, लागेल बाई. डिपोटी आला की चांगली लागेल.

साहेब आले. आधी माझा वर्ग. माझ्या पोरांनी जीव ओतला. हात असे वर गेले की साहेबांना मागची भिंत दिसेना. कविता झाल्या, नद्या झाल्या, व्याख्या झाल्या, औटकीला साहेबांनी डोळे मिटले. "वा, मास्तर!" म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पलीकडं गेले. मी पोरांना शुद्धलेखन दिलं आणि तट्टीला कान लावून उभा राहिलो. लाज कसली? तट्टी माझ्या वर्गाचीही होती.

साहेबांनी वजाबाकी घातली. पलीकडची पोरं जुड्या सोडायला लागली. "हे काय? हातचा कुठाय?" एका पोरानं सांगायचा प्रयत्न केला, "सायेब, आमी दशक मोडतो..." "मोडायला सांगितलं नाही मी. पाढे म्हणा. औटकी."

चिडीचूप.

"कोण म्हणेल औटकी? हात वर करा." फटीतून पाहिलं. एकही हात नाही, डावा नाही की उजवा नाही. बाई फळ्याजवळ उभ्या, हातात खडू. साहेबांचा आवाज चढला. "बाई, चौथीला तुम्ही वर्षभर शिकवता तरी काय? शेजारच्या वर्गात जाऊन ऐका जरा." मला पोटातून गुदगुल्या होत होत्या. माझ्या मनात मी पोरीचं बस्कर झटकून अंथरलंसुद्धा होतं.

आणि आवाज आला. "मी म्हणते सायेब."

तो आवाज मी ओळखणार नाही? पोरीनं औटकी सुरू केली. माझी चाल, माझे हेल. पाच औट साडेसतराला मी जसा सूर लांबवतो तसाच लांबवला, सहा औट एकवीसला जसा आपटतो तसाच आपटला. कुठं अडखळणं नाही, श्वास नाही. माझ्या अख्ख्या वर्गानं मिळून म्हटली नव्हती एवढी ती एकटी सुंदर म्हणत होती. मला रागही आला आणि डोळ्यांत पाणीही आलं. शेवटच्या पस्तीसला साहेबांनी टाळी वाजवली.

"शाब्बास! कुणी शिकवली गं तुला?"

मी टोपी सारखी केली. म्हटलं आता तट्टीवरून हाक येणार.

"बाईंनी," माझी पोरगी म्हणाली.

फाडकन थोबाडीत बसावी तसं झालं मला. पलीकडं साहेब म्हणत होते, "असं होय! मग बाई, आधी सांगायचं नाही का? बाकीचीही तयार करून घ्या अशीच." बाई काहीतरी बोलायला गेल्या, "साहेब, ती औटकी..." असं ऐकू आलं खरं, पण साहेब खुशीत होते, पुढच्या वर्गात निघूनही गेले. बाईंनी जोर लावला असता तर सांगता आलं असतं. नाही लावला. त्याबद्दल मी त्यांना आजही माफ करत नाही.

दुपारी साहेब माझ्या ओसरीवर जेवायला. पुरणपोळीवर तूप, शेजारी हेडमास्तर. एरवी साहेब आले की पोरगी आत दडून बसायची; आज पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, आणि साहेबांचा घास हातात राहिला. "अरे! ही तर ती औटकीवाली! तुमची मुलगी होय, मास्तर?"

"व्हय साहेब."

"म्हणजे स्वतःची मुलगी तुम्ही बाईंच्या हाताखाली घातलीत! हे मोठ्या मनाचं काम झालं. मी पाहिलं, तुमच्या वर्गातही अशी औटकी कुणी म्हटली नाही."

हेडमास्तर ताटात बघायला लागले. त्यांना सगळं माहीत होतं. साहेब म्हणाले, "मघा मी जरा बोललो बाईंना. त्यांचा शेरा अजून लिहायचाय. तुम्ही अनुभवी, शेजारीच असता. तुमचं काय मत आहे बाईंबद्दल?"

एक वाक्य पुरे होतं. साहेब, ती औटकी माझी. खरं तेच. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. बाई कवठे महांकाळच्या पलीकडं, पोरगी माझ्यापुढं. मी तोंड उघडलं आणि पोरीकडं पाहिलं. ती तांब्या धरून तशीच उभी होती, साहेबांकडं नाही, माझ्याकडं बघत. माझ्या एका वाक्यानं ती सांगलीच्या साहेबापुढं खोटी पडणार होती.

"पोरांना त्यांचा लळा आहे साहेब," मी म्हणालो. "लय लळा आहे."

साहेबांनी मान डोलावली आणि आणखी एक पोळी मागितली.

साहेब एसटीत बसून गेले. बाईंचा शेरा चांगला पडला, हे मी वेगळं सांगायला नको. मी घरी आलो तेव्हा पोरगी मागच्या दारी राखेनं भांडी घासत होती. मी तिच्यापुढं उकिडवा बसलो.

"औटकी तुला कुणी शिकवली?"

"तुमी."

"मग?"

"आबा, तुमचं काय बिघडणार हुतं? तुमच्या वर्गानं समदं म्हणून दावलं हुतं, सायेब तुमच्यावर खूश हुतं. बाईंच्या वर्गाला कायच आलं न्हाई. तुमचं नाव सांगितलं असतं तर बाई गेल्या असत्या."

"आणि खोटं बोलायला त्याच बाईंनी शिकवलं का?"

"न्हाई. ते माजं मीच ठरवलं. लय टाइम न्हवता, पर इचार केला."

केला होता तिनं विचार. माझ्या पाढ्याच्या शेवटच्या आकड्यापासून साहेबाच्या प्रश्नापर्यंत जेवढा वेळ होता तेवढ्यात सगळं तोलून पाहिलं होतं. माझ्याकडून ते आलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि कुठून आलं होतं तेही. माझं डोकं पुन्हा तापलं.

"बरं," मी म्हणालो, "समज, उलटं असतं. माझ्या वर्गाला काही आलं नसतं. साहेब मला घालवायला निघाले असते. आणि तुला आलेलं उत्तर बाईंनी शिकवलेलं असतं. तर साहेबापुढं नाव कुणाचं घेतलं असतंस?"

मला फक्त 'तुमचं' ऐकायचं होतं. दिवाळीच्या आधी विचारलं असतं तर माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तिनं ते म्हटलं असतं, आणि मी उठून म्हशीला वैरण घालायला गेलो असतो.

तिचा हात भांड्यावर थांबला.

"थांबा आबा," ती म्हणाली, "इचार करून सांगते." आणि पुढचं भांडं ओढून घेऊन ती खरंच विचार करायला लागली.